किंमतपत्रकातील मशीनगन

टेबलाभोवती बसून, फासे टाकून आणि तोंडाने बोलून खेळावयाचा, परंतु जो द्यूतही नव्हे आणि नाटकही नव्हे, असा एक खेळ १९७४ साली अमेरिकेत जन्मास आला, आणि आता तो आपल्याकडील शहरांतील मुलांच्याही हाती आला आहे. चार-पाच जण एकत्र बसतात. त्यांपैकी एक सूत्रधार होतो व गोष्टीचे जग उभे करतो. बाकीचे एकेका पात्राचे सोंग घेऊन, आपले पात्र आता काय करील ते सांगतात. आणि ते त्यास साधले की नाही, याचा निवाडा फासे करतात. या खेळाच्या एका शाखेतील गोष्ट राक्षस व राजकन्या यांच्या काळात न घडता, आपल्या उंबरठ्याशी येऊन ठेपलेल्या उद्याच्या जगात घडते. तेथे तलवारीची जागा मशीनगनने घेतलेली असते. या मशीनगनविषयीच मला आज भांडावयाचे आहे.

या बाबतीत दोन पक्ष आधीच ठाण मांडून बसले आहेत. पहिला पक्ष म्हणतो, मुलांच्या खेळात मशीनगन हवीच कशाला? असल्या खेळाने मने क्रूर होतात. तो बंद करावा हे बरे. दुसरा पक्ष म्हणतो, अहो, खेळ तो खेळ. कागदावरील गोळी आजवर कुणास लागली आहे काय? पहिल्या पक्षास खेळाचे पुस्तक उघडण्याचे श्रम नकोत, व दुसऱ्यास ते मिटल्यावर विचार करण्याचे श्रम नकोत. माझा आक्षेप या दोहोंहून निराळा आहे. या खेळांत मशीनगन आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांत मशीनगन म्हणून जी काही आहे ती मशीनगन नाही, ही माझी तक्रार आहे. मशीनगन ही एका माणसाच्या मालकीची वस्तू नसते. ती अनेक माणसांची, अनेक गाड्यांची, अनेक कारखान्यांची मिळून झालेली एक व्यवस्था असते. खेळाचे कोष्टक या व्यवस्थेची वस्तू करते, तिला किंमत लावते आणि दुकानाच्या फळीवर मांडते. हे असत्य किरकोळ नाही. ज्या पिढीस शस्त्रांविषयीचे पुष्कळसे ज्ञान खेळांतूनच मिळावयाचे आहे, तिच्या मनात शस्त्र म्हणजे काय ही कल्पनाच या असत्याने वाकडी होते.

उदाहरण घेऊनच बोलू. ‘सायबरपंक’ या नावाचा खेळ माइक पाँडस्मिथ या अमेरिकन लेखकाने १९८८ साली प्रसिद्ध केला. त्यातील गोष्ट २०१३ साली घडते. १९९० साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली व तिने काळ २०२० हा धरला. मोठमोठ्या कंपन्यांनी राज्ये गिळंकृत केली आहेत, माणसांनी लोखंडी हात व यांत्रिक डोळे बसवून घेतले आहेत, आणि रस्त्यावर ज्याच्यापाशी शस्त्र तोच जगतो, असे ते जग आहे. या ग्रंथातील शस्त्रांचे कोष्टक पाहण्यासारखे आहे. प्रत्येक शस्त्रापुढे त्याचा नेम किती अचूक, ते अंगावर कितपत लपते, बाजारात कितपत मिळते, इजा किती करते, त्यात गोळ्या किती मावतात, एका डावात किती सुटतात, ते ऐन वेळी दगा देण्याचा संभव किती, आणि किंमत काय, असे स्तंभ आहेत. लपविण्याच्या स्तंभात तर खिशात मावेल, जाकिटाखाली मावेल, लांब कोटाखाली मावेल की कोठेच मावणार नाही, इतका बारकावा आहे. मशीनगन आली की तीही याच साच्यात बसविली जाते. ती कोटाखाली मावत नाही, हे कोष्टक प्रामाणिकपणे सांगते. परंतु ती चालविण्यास माणसे किती लागतात, हे विचारावे असे त्यास वाटत नाही.

हा दोष एकट्या पाँडस्मिथचा नव्हे. तो वारशाने आलेला आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली जो पहिला खेळ काढला, त्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये तलवारी, ढाली, दोर, मशाली यांची सोन्याच्या नाण्यांत किंमत लावलेली यादी होती, इतकेच काय, त्याच्या जुन्या आवृत्त्यांत वस्तूंचे वजनही नाण्यांतच मोजीत. तलवारीस ही यादी शोभते. तलवार खरोखरच एका माणसाची असते. ती एक माणूस विकत घेतो, एक माणूस कमरेस बांधतो, एक माणूस चालवितो, आणि तो मेला म्हणजे त्याचा मुलगा ती भिंतीवर टांगतो. पुढे या खेळांनी भूतकाळ सोडून भविष्यकाळाकडे मोर्चा वळविला, तेव्हा राक्षस गेले, किल्ले गेले, जादू गेली. परंतु यादी मात्र जशीच्या तशी राहिली. तलवारीसाठी शिवलेल्या म्यानात मशीनगन कोंबण्याचा हा प्रकार आहे. ती त्यात मावावी म्हणून तिचे काय काय छाटून टाकावे लागले, हे आता पाहू.

हायरम मॅक्सिम याने १८८४ साली लंडनमध्ये पहिली खरी स्वयंचलित मशीनगन सिद्ध केली. तत्पूर्वीची गॅटलिंगची बंदूक हाताने दांडा फिरवून चालवावी लागे. मॅक्सिमने गोळीच्या धक्क्यालाच कामास जुंपले. एका गोळीचा धक्का पुढील काडतूस आत घेतो, आणि मिनिटास सुमारे सहाशे गोळ्या सुटतात. परंतु सहाशे गोळ्या सुटतात म्हणजे त्या कुणी तरी आणून द्याव्या लागतात. नळी तापते म्हणजे ती कुणी तरी थंड ठेवावी लागते. मॅक्सिमच्या व पुढे व्हिकर्सच्या मशीनगनभोवती त्यासाठी पाण्याचे वेष्टन असे. व्हिकर्सची बंदूक व तिची तिवई मिळून भार चाळीस किलोंच्या घरात जाई, आणि ती सहा जणांच्या पथकावाचून रणांगणावर नीट चालत नसे. एकाने बंदूक उचलावी, एकाने तिवई, बाकीच्यांनी पट्ट्यांच्या पेट्या व पाणी वाहावे, असा तो संसार होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यास १९१५ च्या ऑक्टोबरात या एका शस्त्रासाठी निराळे दलच उभारावे लागले. ज्या शस्त्रासाठी स्वतंत्र दल, स्वतंत्र शिक्षण व स्वतंत्र रसद लागते, त्यास ‘वस्तू’ म्हणणे म्हणजे आगगाडीस ‘गाडी’ म्हणून तिचे रूळ, स्थानके, कोळसा व सांधेवाले विसरून जाण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, ही शंभर वर्षांपूर्वीची कथा झाली. पुढे मशीनगन हलकी झाली. होय, झाली. अमेरिकन सैन्याने व्हिएतनामात वापरलेली ‘एम-६०’ ही साडेदहा किलोंच्या आसपास भरे व एक माणूस ती उचलून चालू शके. परंतु तिच्या शंभर काडतुसांचा जोडलेला पट्टा सुमारे तीन किलोंचा असतो, आणि ती मिनिटास साडेपाचशे गोळ्या सोडते. त्रैराशिक मांडून पाहावे: एक मिनिट सतत गोळीबार म्हणजे साडेसोळा किलो धातू. आपले पात्र पाठीवर हजार काडतुसे घेऊन निघाले, असे खेळणारा मुलगा बेधडक सांगतो, तेव्हा त्याने तीस किलोंचे ओझे उचललेले असते, आणि त्या ओझ्याची किंमत दोन मिनिटांहूनही कमी असते. म्हणूनच प्रत्यक्ष पलटणीत मशीनगनवाल्याचे पट्टे त्याच्या सोबत्यांच्याही अंगावर असतात. लोखंड हलके झाले. व्यवस्था हलकी झाली नाही.

आता ती करते काय, हे पाहू. कोष्टकाच्या ‘इजा’ या स्तंभावरून असे वाटते की, मशीनगन म्हणजे पुष्कळ पिस्तुले एकदम झाडावी तसे काही असते. हा समज मुळातच चुकीचा आहे. मशीनगन माणसावर रोखण्यापेक्षा जमिनीवर रोखली जाते. ती जमिनीची एक पट्टी बंद करते. त्या पट्टीत जो येईल तो, त्याचे नाव, शौर्य व वंश न विचारता, पडतो. १८९८ च्या २ सप्टेंबरला सुदानात ऑमडुरमन येथे महदीच्या अनुयायांचे दहा हजारांच्या आसपास लोक मोकळ्या मैदानात पडले व इंग्रज-इजिप्शियन बाजूचे मृत पन्नासाच्या आत राहिले. तोफा व रायफली तेथे होत्याच. परंतु मैदान ओलांडता येत नाही हा नवा धडा जगास देण्यात मॅक्सिमचा वाटा मोठा होता. तो धडा युरोपने काळ्या माणसांपुरता मानला. १९१६ च्या १ जुलैला सोमच्या रणभूमीवर एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक ठार झाले, तेव्हा तो युरोपासही लागू पडतो, हे सर्वांस दिसले. त्या दिवशी कोणाचे शौर्य कमी पडले नव्हते. जमीन बंद झाली होती, एवढेच.

येथे खेळकर्त्यांच्या पदरी एक पुण्य घातले पाहिजे, कारण वादात प्रतिपक्षाचे खरे ते खरे म्हणावयाचे असते. ‘सायबरपंक’च्या १९९० च्या आवृत्तीत गोळीबाराने जागा रोखून धरण्याचा एक नियम आहे. किती गोळ्या सोडल्या त्या संख्येस, रोखावयाच्या पट्टीच्या मीटरांतील रुंदीने भागावे. जो आकडा येईल तो त्या पट्टीत येणाऱ्या प्रत्येकाने आपले चापल्य, कसरतीचे कौशल्य व फाशाचे दान मिळून गाठला पाहिजे. न गाठल्यास त्यास गोळ्या लागतात. शंभर गोळ्या पाच मीटरांच्या पट्टीवर सोडल्या तर आकडा वीस येतो, आणि तो गाठणे सामान्य माणसास जवळजवळ अशक्य असते. त्याच शंभर गोळ्या दहा मीटरांवर पसरल्या तर दहाच येतो. हे गणित साधे आहे, पण त्यात मशीनगनचे मर्म उतरले आहे: माणूस मोजलेला नाही, जमीन मोजली आहे. २०२० साली निघालेल्या ‘सायबरपंक रेड’ या नव्या आवृत्तीने तर आणखी एक पाऊल टाकले. तेथे अशा माऱ्याच्या टप्प्यात उघड्यावर सापडलेल्यास अंगाच्या चापल्याने नव्हे, तर मनाच्या निग्रहाने टिकाव धरावा लागतो. तो न धरवला तर त्यास आपली पुढची हालचाल आडोसा गाठण्यातच खर्चावी लागते. भीती हे मशीनगनचे मुख्य कार्य आहे, हे कुणा तरी विचारी माणसाने ओळखले, याचा हा पुरावा होय.

म्हणजे नियमास जे ठाऊक आहे, ते कोष्टकास ठाऊक नाही. आणि खेळणारा तरुण आधी वाचतो ते कोष्टक. नियम हा लढाईच्या प्रसंगी, सूत्रधाराने आठवण दिल्यावर, पाने चाळून काढावयाचा. कोष्टकावर मात्र तो घरी एकटा तासन् तास बसलेला असतो, हातात पेन्सिल घेऊन, आपल्या पात्राच्या गाठीच्या काल्पनिक पैशांत काय काय बसते याचा हिशेब करीत. त्याची कल्पनाशक्ती तेथे घडते. तेथे त्यास शिकवण मिळते ती ही की, पैसे साठले म्हणजे सामर्थ्य विकत मिळते, आणि विकत घेतलेले सामर्थ्य सर्वस्वी आपले असते. त्यास कुणाचे हात लागत नाहीत, कुणाची संमती लागत नाही, कुणास जाब द्यावा लागत नाही.

यावर तीन उत्तरे दिली जातात. त्यांचा परामर्श घेणे प्राप्त आहे.

पहिले उत्तर असे की, बुद्धिबळातील हत्तीस तरी कोण चारा घालतो? तो माहुतावाचून, सरळ रेषेत, पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतो, आणि त्याबद्दल कोणी बुद्धिबळास खोटे म्हणत नाही. दृष्टान्त चांगला आहे; परंतु तो उलटतो. बुद्धिबळाने हत्तीचे वजन किलोंत व सोंडेची लांबी सेंटिमीटरांत कधी छापली नाही. तो हत्ती एक खूण आहे, आणि खूण म्हणूनच तो पटावर उभा आहे. या नव्या ग्रंथांत मात्र नळीचा व्यास मिलिमीटरांत, गोळ्यांचा वेग डावागणिक, आणि टप्पा मीटरांत दिलेला असतो. आमचा खेळ वास्तवास धरून आहे, असे त्यांचे चाहते अभिमानाने सांगतात. ज्याने अचूकपणाची प्रौढी मिरविली, त्यास अचूकपणाच्याच तराजूत बसविले पाहिजे. मिलिमीटर खरे व माणसे गाळलेली, असे वर्णन अपुरे असते, आणि आपले अपुरेपण ते झाकते, म्हणून ते फसवेही असते.

दुसरे उत्तर असे की, हे जग उपरोधाने रंगविलेले आहे. शस्त्रे भाजीप्रमाणे विकली जातात, हीच तर त्या जगावरील टीका! हे मी मानतो. पाँडस्मिथच्या ग्रंथात कंपन्यांच्या सत्तेविरुद्धचा राग खरा आहे. परंतु उपरोध गोष्टीत असतो, कोष्टकात नसतो. जो वाचक कोष्टकाकडे वळला तो टीकाकाराच्या दृष्टीने वळत नाही, गिऱ्हाइकाच्या दृष्टीने वळतो. दारूच्या दुष्परिणामांवरील कीर्तनात मध्येच गुत्त्याचे दरपत्रक वाटावे, आणि वर म्हणावे की ते उपरोधाने वाटले आहे, असा हा बचाव आहे.

तिसरे उत्तर अधिक व्यवहारी आहे. ओझी, पट्टे, माणसे यांचा हिशेब ठेवावयाचा तर खेळ मुनीमगिरी होईल. त्यात रस तो काय राहील? याचे उत्तर मी न देता दुसऱ्या एका खेळासच देऊ देतो. १९८४ साली अमेरिकेत ‘ट्वायलाइट : २०००’ या नावाचा खेळ निघाला, त्याचा मुख्य रचनाकार फ्रँक चॅडविक. तिसरे महायुद्ध होऊन गेले आहे, अणुबाँब पडले आहेत, आणि पोलंडमध्ये एका अमेरिकन डिव्हिजनचा चुराडा होऊन उरलेले मूठभर सैनिक सन २००० मध्ये परक्या मुलखात भटकत आहेत, असे त्याचे कथासूत्र. यात मशीनगना पुष्कळ आहेत. परंतु काडतुसे दुर्मीळ आहेत, गाड्यांस इंधन नाही, ते मिळविण्यासाठी भट्टी लावून दारूसारखा अर्क काढावा लागतो, आणि ती भट्टी चालेपर्यंत एका जागी थांबावे लागते. थांबावयाचे तर गाव गाठावे लागते. गावात माणसे असतात. त्यांच्याशी बोलावे लागते. पाहा, मशीनगनच्या पोटाला अन्न लागते एवढे एक सत्य मान्य केल्याबरोबर खेळात गाव आले, शेत आले, सौदा आला, उपकार व विश्वासघात आला. थोडक्यात, कथा आली. हिशेबाने रस मारला नाही. हिशेबातूनच तो उत्पन्न झाला. या खेळाची नवी आवृत्ती २०२१ साली निघाली, यावरून त्यास आजही गिऱ्हाईक आहे, हे उघड दिसते.

आता कोष्टकात नसलेल्या आणखी एका स्तंभाकडे येतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मशीनगनला दोन टोके असतात. खेळाचे कोष्टक मागील टोकाकडून लिहिलेले असते. पुढील टोकाशी कोण उभा आहे, याचा त्यास पत्ता नसतो. आपणां हिंदी वाचकांस तरी हे टोक विसरणे शोभत नाही. १९१९ च्या १३ एप्रिलला अमृतसरास जालियनवाला बागेत शिरताना जनरल डायरने दोन चिलखती गाड्या मशीनगनांसह आणल्या होत्या. बागेचा बोळ अरुंद होता; गाड्या आत जाऊ शकल्या नाहीत. मग रायफलींतून सुमारे १,६५० गोळ्या झाडण्यात आल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसे मेली, आणि इतरांच्या अंदाजाने पुष्कळच अधिक. गाड्या आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगना वापरल्या असत्या काय, असे हंटर समितीपुढे विचारले असता, बहुधा वापरल्या असत्या, अशा अर्थाची कबुली डायरने दिली. तेथे बोळाच्या रुंदीने काय वाचविले, हे कोणत्या स्तंभात लिहावयाचे? ज्या शस्त्राचा हिशेब जमिनीवरून होतो, त्याचा हिशेब त्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसांवाचून पुरा होत नाही.

पराक्रमाची गोष्टही अशीच आहे. खेळात नायक तो, ज्याच्या हाती मशीनगन आहे. इतिहासात काय दिसते? १९४४ च्या १० जुलैला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनची एक तुकडी जवळून सुटलेल्या मशीनगनच्या माऱ्यात सापडली. तुकडीचा नायक यशवंत घाडगे याच्यावाचून सारे ठार वा जखमी झाले. तो एकटा त्या मोर्च्यावर धावून गेला. हातबाँबने त्याने मशीनगन व ती चालविणारा यांस निकामी केले, एकास गोळी घातली, गोळ्या भरण्यास वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांस बंदुकीच्या दांड्याने लोळविले, आणि मग शत्रूच्या नेमबाजाच्या गोळीने तो पडला. माणगाव तालुक्यातील या बावीस वर्षांच्या तरुणास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या प्रसंगात मशीनगनपाशी चार माणसे होती, हे ध्यानात घ्यावे. ती कुणा एकाची नव्हती. आणि ज्याचे नाव राहिले तो तिच्या मागे नव्हता, पुढे होता. ‘सायबरपंक’च्या नियमाने पाहिले तर घाडग्याने जो आकडा गाठावयास हवा होता तो गाठणे जवळजवळ अशक्य होते. तो अशक्य आकडा गाठणे हीच खेळातील खरी गोष्ट व्हावयास हवी. परंतु सारे कोष्टक खेळणाऱ्यास दुसऱ्या टोकाला बसविण्याची तयारी करीत असते.

राहता राहिला भविष्यकाळाचा प्रश्न. काही जण म्हणतील, तुम्ही जुनी युद्धे सांगता. हे खेळ उद्याचे आहेत, आणि उद्याच्या मशीनगनला माणसे लागणारच नाहीत. मौज अशी की, यांतील पुष्कळसा ‘उद्या’ होऊन गेला आहे. २००० साल गेले, २०१३ गेले, २०२० ही गेले. लोखंडी हात रस्तोरस्ती दिसू लागले नाहीत. परंतु मशीनगन आहे तेथेच आहे. ब्राउनिंगने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आखलेली व १९३३ पासून ‘एम-२’ या नावाने ओळखली जाणारी जड मशीनगन अजून सैन्यांत चालू आहे. आणि २०२२ नंतरच्या युक्रेनच्या युद्धात १९१० च्या नमुन्याच्या मॅक्सिम मशीनगना, पाण्याच्या वेष्टनासह, पुन्हा कामास लावल्या गेल्या. आणि माणसावाचून चालणारी मशीनगन? तीही आली, आणि नेमकी २०२० सालीच आली. त्या वर्षीच्या २७ नोव्हेंबरला इराणचे अणुशास्त्रज्ञ मोहसीन फख्रीझादेह यांचा वध झाला, तो गाडीवर बसविलेल्या व उपग्रहाच्या द्वारे दुरून चालविलेल्या मशीनगनने झाला, असे इराणच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केले. हे वर्णन जसेच्या तसे खरे मानले तरी त्यातून निघते काय? बंदुकीपाशी माणूस नव्हता. परंतु तिच्या मागे कॅमेरे, दळणवळण, हेर, पैसा आणि एखादे राज्यच उभे असले पाहिजे. व्यवस्था नाहीशी झाली नाही. ती केवळ दिसेनाशी झाली. म्हणजे भविष्यकाळ कोष्टकास सोडवावयास येत नाही. उलट त्याचा खोटेपणा अधिक धोक्याचा करतो. जी पिढी उद्या मते देणार, अशा यंत्रांवर होणाऱ्या खर्चास संमती देणार किंवा नाकारणार, तिला बंदुकीमागील अदृश्य माणसे पाहण्याची सवय लागली पाहिजे. ज्याला त्याची सवय नाही, त्यास ‘आपोआप गोळी सुटली’ हे वाक्य खरे वाटेल. कोणतीही गोळी आपोआप सुटत नसते.

एवढे लिहिल्यावर बंदीवाल्या पहिल्या पक्षास मी आपला वाटू लागलो असेन, म्हणून त्यांनाही दोन शब्द. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात या जातीच्या खेळांविरुद्ध मोठे काहूर उठले; मुले त्यांच्या नादाने सैतानाची पूजा करतात, जीव देतात, असे सांगण्यात आले. ते आरोप कधी सिद्ध झाले नाहीत, आणि खेळ मात्र वाढले. युद्धाचा खेळ माणसास युद्धखोरच करतो हे खरे नाही. एच. जी. वेल्स याने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे शिशाच्या शिपायांशी खेळण्याचे पुस्तक लिहिले; त्यात त्याने काढलेला निष्कर्ष असा की, इतक्या लहान युद्धातही इतके घोटाळे होतात, तर खरे युद्ध केवढी अजागळ व महागडी गोष्ट असेल! हा खेळाचा खरा उपयोग आहे. मशीनगन मुलांच्या खेळातून काढून घेतल्याने जगातून ती नाहीशी होत नाही. मात्र तिच्याविषयी विचार करण्याची एक जागा नाहीशी होते. बंदी हा आळशी माणसाचा उपाय आहे.

माझी मागणी निराळी, आणि करणाऱ्यास थोडी कष्टाची आहे. खेळाच्या ग्रंथकर्त्यांनी मशीनगनच्या ओळीत तीन स्तंभ वाढवावेत: हिला माणसे किती लागतात, एका मिनिटाचा दाणागोटा काय व तो कोण वाहतो, आणि ही चालू झाली म्हणजे किती जमीन, कोणाची जमीन, बंद होते. ग्रंथकर्ते ऐकणार नसतील, तर हे काम सूत्रधाराने करावे. कारण या खेळात सूत्रधाराचा अधिकार ग्रंथाहून मोठा मानलेला आहे. एखाद्या खेळाडूने मोठ्या ऐटीत सांगितले की, मी मशीनगन विकत घेतली, तर सूत्रधाराने त्यास विचारावे: ठीक, आता पट्टे कोण धरणार? त्या माणसाचे नाव काय? तो तुझ्याबरोबर का येतो? गल्लीच्या त्या टोकास ज्यांची घरे आहेत ते आज पाण्याला कोठून जाणार? या चार प्रश्नांनी खेळ मोडणार नाही. उलट त्यात चार नवी पात्रे येतील.

आणि ज्यांच्या घरी असा खेळ चालतो, त्या आईबापांनीही पुस्तक हिसकावून घेण्यापूर्वी ते एकदा उघडावे, त्या कोष्टकावर बोट ठेवावे, आणि आपल्या मुलास व मुलीस हेच प्रश्न विचारावेत. उत्तरे त्यांस सुचतील. आपल्याला वाटते त्याहून ती अधिक चांगली सुचतील. ती सुचेपर्यंत त्या ओळीपुढील किंमत कोणी खरी मानू नये.